टविया मास्तरांचे उपाशी डबे

आमच्या घानातल्या मांपोंगच्या बाजारात टविया मास्तरांचं दुकान कुठे म्हणून विचारलं, की माणूस पत्ता सांगायच्या आधी विचारतो, "कोण गेलं?" आता यात त्याचा तरी काय दोष? लग्नंबिग्नं हल्ली कोणीही मोबाइलवर काढतं. मास्तर मयतीचे व्हिडिओ काढायचे. पस्तीस वर्षं, दर शनिवारी, कारण आमच्याकडे अंत्यविधी शनिवारीच होतात, काळी पॅन्ट, काळा शर्ट, आणि खांद्यावर कॅमेरा. पहिला कॅमेरा तर शेळीच्या करडाएवढा जड होता. त्याने मास्तरांचा उजवा खांदा जो खाली बसवला तो कायमचा. पुढे कॅमेरे हलके होत गेले, पण खांदा काही वर आला नाही.

मास्तरांच्या मागे दिवा घेऊन अफ्राकोमा उभी असायची. त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे शनिवारी घरी थांबायला तिला कारण नव्हतं. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताने गर्दी बाजूला सारायची, आणि तोंड? तोंडाला सुट्टी नाही. "काका, तोंडातला घास गिळा आधी, मग रडा." "आजी, डोक्यावरचं कापड सरळ करा की, कॅमेरा काय तुमच्या कानाचा फोटो काढायला आलाय?" लोक हसायचे, कापड सरळ करायचे, आणि मग पुन्हा रडायला लागायचे.

अंत्यविधीच्या व्हिडिओत असलं बोलणं कसं चालेल? मास्तर घरी येऊन तिचा आवाज कापत बसायचे. गाणं ठेवायचे, रडणं ठेवायचे, आणि अफ्राकोमा काढून टाकायचे.

"तुझा आवाज कापता कापता माझी बोटं झिजली," ते म्हणायचे.

"कापा, कापा," ती म्हणायची. "जीभ कापता येत नाही म्हणून आवाज कापताय, मला काय कळत नाही?"

गावभर घराघरांत मास्तरांच्या डीव्हीडी तबकड्या होत्या, पण त्यातल्या एकीतही ती नव्हती. ती होती फक्त मूळ, न कापलेल्या चित्रणात. आणि ते सगळं चित्रण मास्तरांनी हार्ड डिस्कांवर, त्यांच्या भाषेत डब्यांत, जपून ठेवलेलं होतं. घरच्यांना दिलेली तबकडी मावसभाऊ मागून नेतो, तिच्यावर चहाचा कप ठेवतो, आणि दहा वर्षांनी लोक मास्तरांच्या दारात येतात, "मास्तर, आमचे वडील आहेत का हो तुमच्याकडे?" मास्तर म्हणायचे, "आहेत. बसा."

एकदाच त्यांना 'नाहीत' म्हणावं लागलं. न्सुताहून एक बाई आली होती. डिस्क चार वर्षं खणात होती, तान्ह्या बाळासारखी मऊ फडक्यात गुंडाळलेली. मास्तरांनी जोडली. टक, टक, टक, आणि मग गप्प. मास्तर तशीच ती कुमासीला घेऊन गेले. दुरुस्तीवाल्याने कानाशी धरली, हलवली आणि परत केली.

"चिकटली," तो म्हणाला. "आतलं वंगण सुकतं. वाचणारं टोक आतल्या चकतीला धरून बसतं, मग ती फिरतच नाही."

"पण मी हातसुद्धा लावला नव्हता!"

"म्हणूनच. वापरली की झिजून मरते, ठेवून दिली की आखडून मरते."

"मग करायचं काय माणसाने?"

"मास्तर, बनवणारासुद्धा दोन-तीन वर्षांपलीकडे हमी देत नाही, तर मी कोण लागून गेलो? दोन ठिकाणी ठेवा, आणि अधूनमधून फिरवून बघा. फिरवल्याने जगतेच असं नाही, पण मेली तर निदान वेळेवर कळेल."

न्सुताच्या त्या बाईने भांडण केलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मग तुम्हाला तरी आठवतं का, आमच्या बाबांना कुठलं कापड नेसवलं होतं?" मास्तरांना आठवेना. हजारावर मयती काढलेला माणूस, कसं आठवणार? ती बाई गेली आणि मास्तरांच्या घशाखाली आठ दिवस कांडलेल्या फुफूचा गोळा उतरला नाही.

त्याच महिन्यात अक्वासिडे आला. दर बेचाळीस दिवसांनी येणारा तो रविवार. त्या दिवशी आमचे राजे पूर्वजांच्या काळ्या आसनांच्या खोलीत जातात आणि आसनांना जेवू घालतात, कुस्करलेला यामचा कंद आणि उकडलेली अंडी. मास्तर राजवाड्यावरून परत आले ते तडक अफ्राकोमाच्या दारात.

"राजांची आसनं बेचाळीस दिवसांत उपाशी होतात," ते म्हणाले, "आणि माझ्या डब्यांनी चार-चार वर्षं काय हवा खाऊन राहायचं?"

"म्हणजे आता डब्यांना अंडी भरवणार?"

"वीज भरवणार."

अफ्राकोमा पोट धरून हसली. पण तिनेच आपल्या खोलीतलं कपाट रिकामं करून दिलं. आमच्याकडे नवरा-बायकोने एकाच छपराखाली राहायलाच पाहिजे असं काही नाही. ती तिच्या माहेरच्या वाडीत राहायची, मास्तर दुकानामागच्या खोलीत. दुकानाचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापायचा. तिच्या खोलीच्या भिंती जाड मातीच्या, वर आंब्याची सावली. सव्वीस डबे तिकडे गेले, प्रत्येकासोबत कोळशाची पुरचुंडी, ओल धरू नये म्हणून. एकाच मयतीच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या डब्यांवर.

आणि मग दर अक्वासिडेला मास्तर तिकडे जायचे. एकेक डबा संगणकाला जोडायचा, निळा दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचं, सुरुवातीचं थोडं, मधलं थोडं, शेवटचं थोडं लावून बघायचं. संगणकात एक लहानसा प्रोग्राम होता, तो डब्याची कुंडली सांगायचा, किती तास चालला, आजवर कितीदा सुरू झाला. तो आकडा मास्तर डब्यावरच्या चिठ्ठीवर लिहायचे. कुठला डबा घरघरला, की त्यातलं सगळं नव्या डब्यात. अफ्राकोमा तोवर याम कुस्करून, वर अंडं ठेवून ताट आणायची. "डबे जेवले, आता डब्यांचे बाप जेवा."

अंगणात बसून हे सगळं नाक मुरडत बघायची ती डुफी. अफ्राकोमाची थोरली बहीण. भाजक्या माशांचा धंदा, आणि जिभेला मिरची. तिचं आणि मास्तरांचं बोलणं कामापुरतंच, आणि त्यालाही कारण होतं. दोघी बहिणींची आई गेली तेव्हाही अफ्राकोमा दिवा धरूनच उभी होती. स्वतःच्या आईच्या मयतीत! डुफी तिथे जमिनीवर लोळून रडत होती, आणि धाकटी बहीण आपली खांबासारखी ताठ, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. "तुला आईपेक्षा दिवा मोठा झाला," डुफी तिला म्हणाली, आणि पुढची दहा वर्षं म्हणतच राहिली. मास्तरांना तर काय, "माझ्या बहिणीला खुंटी केली या माणसाने." अफ्राकोमा ऐकून घ्यायची. एरवी कोणाचं एक ऐकून न घेणारी बाई या एका बाबतीत गप्प बसायची.

मग ती आजारी पडली. पोटात काहीतरी होतं, कळेपर्यंत उशीर झाला होता. डुफीनेच सगळं केलं, न्हाऊ-माखू घातलं, खाऊ-पिऊ घातलं. आजारातही मास्तर अक्वासिडेला येऊन डबे फिरवायचे, आणि डुफी उशाशी पंखा हलवत बघत बसायची. आणि एका मंगळवारी अफ्राकोमा गेली.

आमच्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाची खोली घरचे लोक कुलूप लावून बंद करतात. वर्षश्राद्धाला उघडतात, तेव्हा वस्तूंची वाटणी होते. घराण्याचे प्रमुख ओपानिन बोअच्ये कुलूप हातात घेऊन दारात उभे राहिले आणि सगळ्यांसमोर त्यांनी रीतीने विचारलं, "टविया, या खोलीत तुझं काही आहे का?"

काय उत्तर द्यावं शहाण्या माणसाने? कपाट माझं आहे म्हणावं, चार पोरं लावून उचलून न्यावं. पण मास्तरांचा ऊर भरून आला होता. त्यांनी छाती पुढे काढली आणि म्हणाले, "आत जे आहे ते सगळं तिचं. माझं काही नाही." बायकांनी कापडाची टोकं डोळ्यांना लावली. ओपानिननी जमिनीवर दारू शिंपडली, पूर्वजांना साक्षी ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली डुफीच्या हातात दिली.

मास्तर बाजाराच्या वळणावर पोचले तेव्हा त्यांना डबे आठवले. ते रस्त्यातच उभे राहिले. पण बोललेला शब्द, तोही दारू शिंपडल्यावर! परत जाऊन काय सांगणार? बायकोला पुरून आठवडा झाला नाही आणि नवरा कपाट मागायला आला? डुफीने ते वर्षभर मासळीबाजारात माशांबरोबर वाटलं असतं. गेले आपले घरी, तोंड मिटून.

पहिला अक्वासिडे गेला. मास्तर वाडीसमोरच्या केंकीवालीच्या, म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे विकणारीच्या, बाकावर जाऊन बसले आणि बंद खिडकीकडे बघत राहिले. दुसऱ्याला तेच. केंकीवालीला वाटलं माणूस बायकोसाठी झुरतोय, आणि तेही काही खोटं नव्हतं. पुढे हरमाटनचा कोरडा वारा आला, घराघरांत लाल धूळ शिरली, आणि मास्तरांना आपलं न्सुताच्या बाईचं तोंड दिसायला लागलं. टक, टक, टक, आणि मग गप्प.

खरी गोष्ट मात्र पुढेच होती. एका सकाळी ते दाढी करत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की अफ्राकोमाचा आवाज आपल्याला आठवत नाही. शब्द आठवत होते, सगळे. 'डब्यांचे बाप जेवा' आठवत होतं. पण ती ते कशी म्हणायची, जाड आवाजात की बारीक, शेवट उचलून की पाडून? काही केल्या कानात येईना. पस्तीस वर्षं ऐकलेला आवाज! तिचा फोन जुना, बटणांचा, त्यावर बोललेलं हवेत गेलं. गावातल्या तबकड्यांतून मास्तरांनी स्वतःच्या हाताने ती काढून टाकलेली. ती जर कुठे असेल तर त्या सव्वीस डब्यांत, आणि डबे कुलपात उपाशी. मास्तर अर्ध्या दाढीवर साबण तसाच ठेवून खाटेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

वर्ष भरलं. शनिवारी सकाळी वाडीत मंडप पडला, खुर्च्या लागल्या, माणसं काळी-पांढरी कापडं नेसून आली. ओपानिन बोअच्ये काठी टेकत खोलीच्या दाराशी आले.

"डुफी, कुलूप होतं तसंच आहे ना?"

"तसंच आहे," डुफी म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

दार उघडलं. बिछान्यावर, खिडकीत, पेटीवर लाल धूळ बोटभर. ओपानिननी प्रार्थना केली, चौफेर बघितलं आणि म्हणाले, "टविया, तू त्या दिवशी काही मागितलं नाहीस. आज आम्ही देतो. काय हवं ते घे."

"ते कपाट," मास्तर म्हणाले. "आतल्या डब्यांत तिचा आवाज आहे. असला तर."

"मग बघ ना. वाजला तर मंडपात लाव, सगळे ऐकू." म्हातारे बाहेर जेवणाकडे गेले. खोलीत मास्तर राहिले, आणि दारात कमरेवर हात ठेवून डुफी.

मास्तरांनी पिशवीतून संगणक काढला. कपाटातून पहिल्यांदा घेतला तो सासूबाईंच्या मयतीचा डबा, कारण त्या दिवशी अफ्राकोमा नेहमीपेक्षा जास्तच बोलली होती एवढं त्यांना आठवत होतं. चिठ्ठीवर शेवटचा आकडा, एकशे बारा. त्यांनी वायर जोडली आणि डोळे मिटून कान खाली नेला.

डबा गुणगुणला. टक नाही, टुक नाही, मधमाशीसारखा सरळ आवाज. निळा दिवा स्थिर झाला.

मास्तरांचा विश्वास बसेना. सवयीने त्यांनी कुंडली उघडली, आकडा लिहायला पेन काढलं. एकशे तेरा असायला हवा होता. समोर होता एकशे बावीस. चष्मा पुसला, तरी एकशे बावीस. दुसरा डबा काढला. चिठ्ठीवर सत्त्याण्णव, पडद्यावर एकशे सात. तिसरा, चौथा, तेच. आजचा एक सोडला तर प्रत्येकाचे नऊ जास्त. मास्तर बोटांवर मोजायला लागले. ती गेली त्यानंतरचे अक्वासिडे किती? मोजून नऊ.

मग त्यांचं लक्ष कपाटाच्या मुठीकडे गेलं. सगळ्या खोलीत बोटभर धूळ, आणि मूठ मात्र लख्ख.

त्यांनी मान वर केली. डुफी आंब्याकडे बघत होती.

"डुफीबाई," मास्तर हळूच म्हणाले, "खोलीला कुलूप होतं ना?"

"होतं की. किल्लीही होती." तिने मागे वळून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. "बोंब मारू नकोस, अकोन्ता. बहिणीचा नवरा आहेस, वैरी नाहीस. बोअच्येला कळलं तर एक मेंढी दंड बसेल मला."

"पण तुम्हाला कसं सुचलं हे?"

"मला कशाला सुचतंय! तीच सांगून गेली. म्हणाली, माझा नवरा मोठेपणाने काहीतरी बोलून बसेल, आणि मग वर्षभर तोंड लपवत फिरेल. डब्यांना तू बघ. विजेची वायर कुठे लावायची ते दाखवलं. निळा दिवा थांबला की एका माणसाचा फुफू कांडून होईल एवढा वेळ ठेव, म्हणाली, मग हळूच काढ. तसं केलं. दोनदा वीज गेली तर दुसऱ्या दिवशी केलं." ती थांबली. "तू तिकडे केंकीवालीकडे बसून खिडकीकडे टकमक बघायचास. मला आतून फटीतून दिसायचास. इतका राग यायचा! म्हटलं, येऊन विचारत का नाही हा माणूस?"

"तुम्ही तरी हाक का नाही मारलीत?"

"मी? तुला?" डुफीने नाक मुरडलं. "लाव आता. वर्षभर राबले, आत काय आहे ते तरी बघू दे."

मास्तरांनी लावलं. पडद्यावर हीच वाडी, अकरा वर्षांपूर्वीची. लाल कापड बांधलेल्या बायका, ढोल. आणि अगदी जवळून, दिव्याच्या मागून, तो आवाज, "काका, तोंडातला घास गिळा आधी, मग रडा!"

जाड होता. आणि शेवट उचलून. मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

चित्र फिरलं, पाहुण्यांकडे गेलं. आवाज म्हणाला, "मास्तर, तिकडे कुठे भटकताय? पाहुणे काय, पुढच्या शनिवारीही दिसतील. ताईवर ठेवा." पडद्यावर डुफी आली, जमिनीवर, केस सुटलेले. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर थरथरत होता.

"दिवा हलतोय," मास्तरांचा अकरा वर्षांपूर्वीचा आवाज आला. "दे कोणाकडे तरी, आणि जाऊन बस तिच्याजवळ."

"नको. बसले तर मी पुन्हा उठणार नाही. ताई माझ्या वाटचंही रडतेय, ते नीट घ्या. मला नंतर घरी एकटीने बघायचंय."

डुफी दारातून आत संगणकाजवळ आली.

"पुन्हा लाव," डुफी म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. डुफीने गुडघे टेकले, पडद्याला नाक लागेल इतकी ती पुढे वाकली.

"आम्हाला दिलेल्या तबकडीत हे नव्हतं."

"नव्हतं."

"का नव्हतं?"

"कापलं. मयतीच्या व्हिडिओत मधे बायकोची बडबड... गिऱ्हाइकाला आवडत नाही."

"गिऱ्हाईक कोण होतं?"

मास्तर डब्यावरची चिठ्ठी सरळ करत म्हणाले, "तुम्ही."

"दहा वर्षं मी तिला म्हणत आले, तुला आईपेक्षा दिवा मोठा झाला. मरेपर्यंत म्हणत आले. ती एका शब्दाने बोलली नाही. आणि तू हे कापून कपाटात ठेवलंस? गाढवा! अरे गाढवा!" तिने उशाशी पडलेला जुना पंखा उचलला आणि मास्तरांच्या त्या बसक्या खांद्यावर दोन सणसणीत ठेवून दिल्या. धूळ उडाली. मास्तरांनी खांदा मागे घेतला नाही. तिसरा फटका मारायला हात उचलला तो तसाच खाली आला, आणि डुफी त्यांच्याच खांद्याला डोकं लावून ढसाढसा रडली. मास्तरही रडले. आत डबा गुणगुणत होता.

मग तिने नाक पुसलं. "नंबर लिहायचा असतो ना तिथे? लिही."

मास्तरांनी चिठ्ठीवर एकशे बावीस लिहिलं. मग ते थांबले आणि पेन तिच्यापुढे धरलं. "मधले नऊ तुमचे."

"मला कुठे लिहिता येतं?" म्हणत तिने पेन घेतलं, आणि एकशे बारा आणि एकशे बावीसच्या मधे नऊ वाकड्यातिकड्या रेघा ओढल्या, एकेक मोजून.

"आणि हे बघ," ती उठत म्हणाली, "बाहेर लावशील ते असंच लाव. काही कापलंस तर हात मोडून ठेवीन."

मास्तरांनी मंडपातल्या मोठ्या भोंग्यांना वायर जोडली. माणसं जेवत होती, गप्पा रंगल्या होत्या. आणि एकाएकी सगळ्या वाडीवर अफ्राकोमा कडाडली, "आजी, डोक्यावरचं कापड सरळ करा की!"

मंडपातल्या चार-पाच म्हाताऱ्यांचे हात आपसूक डोक्याकडे गेले. ओपानिन बोअच्येंनी घाईघाईने तोंडातला घास गिळला.